खिडकीचा पडदा : मोजणे, बेतणे आणि शिवणे

(इयत्ता ५ वी ते ७ वी : कार्यानुभव, गणित व परिसर अभ्यास यांचा समन्वित पाठ)

पश्चिमेकडे खिडकी असलेल्या वर्गात दुपारच्या तासांना फळ्यावरचे अक्षर सर्वांना सारखे दिसत नाही. खिडकीतून आलेली तिरपी उन्हे फळ्यावर पडतात आणि समोरच्या बाजूस बसलेल्या मुलांच्या डोळ्यांकडे परावर्तित होतात. त्या मुलांस फळ्याच्या जागी केवळ एक चकाकणारा पट्टा दिसतो. अशी मुले शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात, चुळबुळ करतात, आणि मग 'लक्ष देत नाहीत' असा त्यांच्यावर ठपका येतो. वास्तविक दोष मुलांचा नसतो, उन्हाचा असतो. आणि त्यावरचा उपाय चार मीटरांहूनही कमी कापडात होण्यासारखा असतो.

हा उपाय म्हणजे पडदा. तो बाजारातून तयार आणता येतो; परंतु मुलांच्या हातून शिवून घेतल्यास त्या एकाच वस्तूतून मापन, गुणाकार, प्रमाण, सूर्याची गती, कापडाची पारख आणि हाताचे कौशल्य इतक्या गोष्टी शिकविता येतात. शिवाय वर्गात शिकलेले हे काम विद्यार्थी घरी जाऊन आपल्या खिडकीसाठीही करू शकतो. प्रस्तुत पाठाची आखणी या दुहेरी हेतूने केली आहे.

पाठाची भूमिका

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राच्या भूमीस नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार मांडला, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची योजना तयार केली. पुढे १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा, अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात शिकावे, असे सुचविले आहे. या तिन्ही विचारांचे मर्म एकच आहे : हात आणि बुद्धी यांची फारकत होऊ नये.

मात्र कामासाठी काम करविल्याने हे साधत नाही. रुमालाच्या चौकोनी तुकड्यावर टाके घालून तो तुकडा कपाटात ठेवून दिला, तर विद्यार्थ्यास आपल्या चुकीचा परिणाम कधीच दिसत नाही. पडद्याचे तसे नाही. माप चुकले तर तो आखूड पडतो, शिवण वाकडी गेली तर तो एका बाजूस ओढला जातो, आणि ही चूक रोज डोळ्यांसमोर टांगलेली राहते. म्हणून या पाठात अचूकपणाला खरा अर्थ आहे.

साहित्य

पोलादी टेप किंवा मीटरपट्टी, शिंप्याचा खडू, मोठी कात्री, टाचण्या, सुया, अंगुस्ताने, कापडाच्या रंगाचा सुती दोरा, कापड, आणि पडदा अडकविण्यासाठी सुमारे अडीच सेंटीमीटर जाडीची, काचकागदाने घासून गुळगुळीत केलेली बांबूची काठी. कापडी टेप वापरात लांबत जाते, म्हणून खिडकीच्या मापासाठी ती टाळावी. सुया तासाच्या आरंभी मोजून द्याव्यात व शेवटी मोजून घ्याव्यात. एक जरी सुई कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत कोणीही जागा सोडू नये, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा.

पहिला टप्पा : पडदा कोणत्या खिडकीला?

प्रत्येक खिडकीला पडदा लागतोच असे नाही. अनावश्यक पडद्याने उजेड व वारा अडतो आणि कापडही वाया जाते. म्हणून आधी निरीक्षण करावे. वर्गाचा आराखडा वहीत काढून त्यात चारी दिशा, खिडक्या, फळा आणि बसण्याच्या जागा दाखवाव्यात. नंतर एका निरभ्र दिवशी सकाळी साडेदहा, दुपारी साडेबारा, अडीच व साडेचार या वेळी फळ्यावर एकच वाक्य लिहून, कोणत्या जागेवरून ते वाचता येत नाही याची आराखड्यात खूण करावी. चार वेळच्या खुणा चार रंगांत केल्यास ऊन वर्गात कसे सरकत जाते, याचे चित्रच तयार होते.

या निरीक्षणातून सूर्याच्या गतीचा पाठ आपोआप निघतो. महाराष्ट्रात उन्हाळ्यातील मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे त्या वेळी खिडकीतून ऊन फारसे आत शिरत नाही. हिवाळ्यात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येते. सकाळचे व संध्याकाळचे ऊन मात्र बाराही महिने तिरपे असते. यास्तव दुपारच्या शाळेला पश्चिमेची खिडकी आणि उन्हाळ्यातील सकाळच्या शाळेला पूर्वेची खिडकी त्रासदायक होते. उत्तरेच्या खिडकीला बहुधा पडद्याची गरज नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. खिडकीच्या आतून लावलेला पडदा डोळ्यांवरची तिरीप उत्तम रीतीने अडवितो, परंतु उष्णता तितकी अडवीत नाही; कारण ऊन तोवर आत आलेले असते आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. उष्णता अडवावयाची तर आडोसा बाहेरून हवा. जुन्या लोकांस हे नीट ठाऊक होते. ओसरीला बांबूच्या कामट्यांचे चिक बाहेरच्या बाजूस सोडीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी मारीत. पाण्याचे बाष्प होताना हवेतील उष्णता शोषली जाते आणि आत येणारी झुळूक गार होते. कोकणात पावसाची झड अडविण्यासाठी पडवीला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधीत. आपल्या गावात अशी कोणती योजना होती, हे विद्यार्थ्यांनी घरातील वडील माणसांस विचारून यावे.

दुसरा टप्पा : खिडकीचे माप

जुन्या इमारतींतील खिडक्या क्वचितच काटकोनात असतात. म्हणून रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजावी आणि तिन्हींतील मोठी संख्या धरावी. उंची डाव्या व उजव्या बाजूस मोजावी. माप घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज वहीत लिहावा. नंतर प्रत्यक्ष माप त्याच्यासमोर लिहून फरक काढावा. चार-सहा वेळा असे केल्यावर अंदाज प्रत्यक्षाच्या किती जवळ येतो, हे पाहणे विद्यार्थ्यांस आवडते.

खिडकीचे माप म्हणजे पडद्याचे माप नव्हे, हे या टप्प्यात ठसवावे. खिडकीएवढाच पडदा लावला तर दोन्ही कडांतून उन्हाची चीर आत येते. यासाठी काठी खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंस सुमारे दहा-दहा सेंटीमीटर अधिक असावी, आणि चौकटीच्या वर दहा सेंटीमीटरवर बसवावी. खाली पडदा उंबरठ्याच्या, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेच्या, पंधरा सेंटीमीटर खाली यावा. घरातील दिवाणखान्यात जमिनीपर्यंत पोहोचणारे पडदे शोभतात. वर्गात ते नसावेत. जमिनीला टेकणाऱ्या कापडाला धूळ लागते, त्याच्या मागे किडे आसरा घेतात आणि मुलांचे पाय त्यात अडकतात.

उदाहरणासाठी १२० सेंटीमीटर रुंद व १३५ सेंटीमीटर उंच खिडकी घेऊ.

काठीची लांबी : १० + १२० + १० = १४० सेंटीमीटर.

पडद्याची तयार उंची : १० + १३५ + १५ = १६० सेंटीमीटर.

तिसरा टप्पा : कापडाची निवड

पडद्यासाठी कापड घेताना ते हातात धरून पाहण्यापेक्षा खिडकीसमोर धरून पाहावे. चांगल्या कापडातून उजेड मऊ होऊन येतो, पण सूर्यबिंब दिसत नाही. कापडाच्या आडोशाला पुस्तक धरावे. अक्षरे सुखाने वाचता आली तर ते कापड वर्गासाठी योग्य समजावे. गडद रंगाचे जाड कापड घेतल्यास तिरीप जाते पण वर्ग अंधारतो, आणि भरदुपारी दिवे लावण्याची पाळी येते. या दृष्टीने साधा मांजरपाट, हातमागाचे फिकट सुती कापड किंवा खादी ही उत्तम होत.

दुकानात कापडाचा पन्हा अद्यापि बहुतेक इंचांत सांगितला जातो. मोजमापाची दशमान पद्धत १९५६ च्या कायद्याने स्वीकारली गेली, तरी 'वार' आणि 'इंच' हे शब्द बोलण्यात टिकून आहेत. नऊवारी लुगड्याच्या नावातच वार आहे. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर आणि एक वार म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर. पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ४८ इंच असतो. तो सेंटीमीटरमध्ये किती, हे विद्यार्थ्यांनीच काढावे. (४८ × २.५४ = १२१.९२, म्हणजे सुमारे १२२ सेंटीमीटर.)

नवे कापड घेणे नेहमीच आवश्यक नाही. घरातील जुने लुगडे पडद्यासाठी फार सोयीचे. ते अनेकदा धुतलेले असल्याने पुन्हा आटत नाही, त्याचे काठ मजबूत असतात, आणि लुगडे नावाप्रमाणे नऊ वार भरले तर त्याची लांबी सुमारे ८२३ सेंटीमीटर होते. पुढे दिलेल्या हिशेबाप्रमाणे एका खिडकीला ३५६ सेंटीमीटर कापड लागते. म्हणजे एका लुगड्यात दोन खिडक्यांचे पडदे होऊन काही कापड उरते. मात्र विरलेला भाग टाळावा. तो उन्हात टांगल्यावर महिन्या-दोन महिन्यांत फाटतो आणि सर्व मेहनत वाया जाते.

चौथा टप्पा : कापड आटते किती?

नवे सुती कापड न धुता शिवणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक होय. मागावर विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात. कापड पाण्यात पडले की धागे फुगतात, ताण सुटतो आणि कापड आखडते. उभ्या धाग्यांवर ताण अधिक असल्याने लांबीत आटणे जास्त व पन्ह्यात कमी असते.

हे प्रयोगानेच दाखवावे. खरेदीपूर्वी त्याच कापडाचा लहान तुकडा मिळवावा, आणि त्यावर उभ्या धाग्याच्या दिशेने बरोबर ५० सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा पक्क्या दोऱ्याने घालाव्यात. तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून पुन्हा मोजावा. समजा, दोन खुणांमधील अंतर ४८ सेंटीमीटर भरले. म्हणजे ५० ला २ आटले, १०० ला ४ आटतील. हेच शेकडेवारीचे उदाहरण. फळ्यावर लिहून दिलेल्या उदाहरणापेक्षा ते अधिक काळ स्मरणात राहते, कारण त्याच्या उत्तरावर खरेदी अवलंबून असते.

शिवल्यानंतर कापड आटले तर काय होईल, याचाही हिशेब करावा. १६० सेंटीमीटरचा पडदा शेकडा ४ आटला तर तो १५३.६ सेंटीमीटर होतो, म्हणजे जवळजवळ साडेसहा सेंटीमीटर आखूड पडतो. जमिनीपर्यंत येणाऱ्या पडद्यात ही उणीव लगेच डोळ्यांत भरते.

पाचवा टप्पा : कापड किती घ्यावे?

पडदा सपाट ताणून लावला तर तो पडदा न दिसता टांगलेली चादर दिसते, आणि वाऱ्याने कडा उडून ऊन आत येते. त्याला चुण्या हव्यात. चुण्यांसाठी कापडाची एकूण रुंदी काठीच्या लांबीच्या निदान दीडपट असावी. कापड पातळ असल्यास दुप्पट घ्यावी.

रुंदीचा हिशेब असा : १४० ची दीडपट २१० सेंटीमीटर. पडद्याचे दोन भाग करावयाचे असल्याने प्रत्येक भाग निदान १०५ सेंटीमीटर रुंद हवा. धुतल्यानंतर कापडाचा पन्हा १२० सेंटीमीटर उरला असे मानू. दोन्ही कडांना प्रत्येकी १ सेंटीमीटर आतली व २.५ सेंटीमीटर बाहेरची अशी ३.५ सेंटीमीटरची दुमड घेतल्यास ७ सेंटीमीटर कमी होतात व भाग ११३ सेंटीमीटर रुंद होतो. दोन भागांचे २२६ सेंटीमीटर. हे दीडपटीहून अधिकच आहे. म्हणजे पन्हा कापण्याची गरज नाही आणि कापड वाया जात नाही. हिशेब आधी केल्याचा हा लाभ विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावा.

लांबीचा हिशेब असा : तयार उंची १६० सेंटीमीटर. वर काठी ओवण्यासाठी नेफा ५ सेंटीमीटर व आतली दुमड १ सेंटीमीटर, मिळून ६. खाली रुंद दुमड १० सेंटीमीटर व आतली दुमड २ सेंटीमीटर, मिळून १२. एकूण १६० + ६ + १२ = १७८ सेंटीमीटर. दोन भागांचे ३५६ सेंटीमीटर. हे झाले धुतलेल्या कापडाचे माप. शेकडा ४ आटणार असल्याने ३५६ × १०० ÷ ९६ = ३७०.८ सेंटीमीटर. दोन्ही टोके सरळ करण्यासाठी थोडे अधिक धरून ३ मीटर ७५ सेंटीमीटर कापड घ्यावे. पडताळा पाहावा : ३७५ चे शेकडा ९६ म्हणजे ३६०, लागणार ३५६, उरणार ४ सेंटीमीटर.

नेफा ५ सेंटीमीटरच का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला पाहिजे; न विचारल्यास शिक्षकाने विचारावा. काठीची जाडी २.५ सेंटीमीटर, म्हणजे परीघ २.५ × ३.१४ = ७.८५ सेंटीमीटर. ५ सेंटीमीटरच्या नेफ्याच्या दोन पदरांचा घेर १० सेंटीमीटर. काठी सहज सरकण्यास सुमारे दोन सेंटीमीटरची सैल उरते. वर्तुळाच्या परिघाचा असा उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळतो.

कापडावर मोठी नक्षी असल्यास एक बाब ध्यानात घ्यावी. दोन्ही भागांवरची नक्षी एका पातळीत यावयास हवी. धुतल्यानंतर नक्षी दर ३० सेंटीमीटरला पुन्हा येत असेल, तर प्रत्येक भाग १७८ ऐवजी ३० च्या पटीतील पुढची संख्या, म्हणजे १८० सेंटीमीटर, असा कापावा, आणि खरेदीही त्या प्रमाणात वाढवावी.

सहावा टप्पा : बेतणे

उसवलेली शिवण पुन्हा घालता येते. कातरलेले कापड पुन्हा सांधत नाही. म्हणून कात्री लावण्यापूर्वी एकाने माप घ्यावे, दुसऱ्याने ते पुन्हा घ्यावे, आणि दोन्ही आकडे जुळल्यावरच कापावे. हा शिरस्ता शिंप्याच्या दुकानातही पाळला जातो.

कापडाचे टोक दुकानदाराने फाडलेले किंवा तिरपे कापलेले असते. त्यावरून माप घेतल्यास संपूर्ण पडदा तिरपा होतो. यासाठी काठाजवळ लहानशी चीर देऊन एक आडवा धागा सुईने उचलावा व हळूहळू ओढून काढावा. कापडात एक बारीक सरळ रेघ दिसू लागते. त्या रेघेवरून कापले असता टोक आडव्या धाग्यास अचूक समांतर येते. ही युक्ती साध्या विणीच्या कापडास लागू पडते. नंतर कापड लांबीत दुमडून दोन्ही काठ एकमेकांवर ठेवावेत. टोकेही जुळली तर कोन काटकोन आहेत असे समजावे. टेबल लहान असल्यास जमीन स्वच्छ पुसून त्यावर कापड पसरावे. अर्धे कापड लोंबत ठेवून कधीही मापू नये.

सातवा टप्पा : शिवणे

शिवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम दोन्ही बाजूंच्या दुमडी, नंतर वरचा नेफा, आणि सर्वांत शेवटी खालची दुमड. बाजू आधी शिवल्याने त्यांची टोके नेफ्यात व खालच्या दुमडीत झाकली जातात. खालची दुमड शेवटी ठेवण्याचे कारण वेगळे आहे. विशेषतः हातमागाचे कापड टांगल्यावर आपल्या वजनाने किंचित उतरते. म्हणून नेफा शिवून पडदा एक दिवस काठीवर टांगून ठेवावा, मग खाली १६० सेंटीमीटरवर खूण करून दुमड टाचावी व शिवावी.

बाजूंना धावदोरा पुरे. टाका व अंतर मिळून अर्धा सेंटीमीटर असावा, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये दोन टाके. नेफ्यावर सबंध पडद्याचा भार येतो, म्हणून तेथे उलटी टीप घालावी. प्रत्येक टाका मागे घेऊन पुढे गेल्याने ती शिवण यंत्राच्या टिपेसारखी बळकट होते. खालच्या दुमडीला बाहेरून न दिसणारी बारीक हातशिलाई करावी. दोरा हातभर लांब घ्यावा. फार लांब घेतल्यास तो गुंततो आणि कापडातून वारंवार ओढला गेल्याने विरतो. काठ घट्ट विणीचा असून कापडास ओढत असेल तर त्याला ठिकठिकाणी लहान चिरा द्याव्यात. त्या आतल्या दुमडीत झाकल्या जातात.

हे काम एका मुलासाठी मोठे आहे, वर्गासाठी नाही. बाजूंच्या चार दुमडींची लांबी १७८ × ४ = ७१२ सेंटीमीटर; एका सेंटीमीटरला दोन टाके धरल्यास १,४२४ टाके. वर्गात ३२ विद्यार्थी असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४५ टाके येतात. प्रत्येकाने आपला वाटा खडूने आखून घ्यावा. टाके वाकडे गेल्यास शिक्षकाने ते स्वतः सुधारू नयेत. ज्याचे त्याने उसवून पुन्हा घालावेत. उसविणे ही शिक्षा नसून शिवणकामाचाच एक भाग आहे, हे मुलांस पटले पाहिजे. गावातील शिवणकाम करणारा कारागीर किंवा घरी शिलाईकाम करणारी एखादी पालक-भगिनी या तासास निमंत्रित करावी. त्यांच्या हाताची गती पाहून जे कळते ते शब्दांनी सांगता येत नाही.

सुई मुलींच्याच हाती द्यावी आणि मुलग्यांनी काठी बसवावी, अशी वाटणी मात्र होऊ देऊ नये. गावातील शिंपी बहुधा पुरुषच असतो, हे मुलांस ठाऊक असते. तरी घरातील बटण लावण्याचे काम मात्र आई-बहिणीकडे येते. संत नामदेव शिंप्याच्या कुळात जन्मले, याचे वारकऱ्यांस भूषण वाटते. सुईचे काम कमी प्रतीचे किंवा एकाच वर्गाचे, ही समजूत मुलांच्या मनात रुजण्यापूर्वीच त्यांच्या हाती सुई यावी. ज्या घरात आई रात्री जागून शिलाईवर संसाराला हातभार लावते, त्या घरच्या मुलाला या तासास आपल्या आईच्या कामाचे मोल वर्गासमोर मांडता येते, हाही लाभ लहान नाही.

आठवा टप्पा : टांगणे आणि निगा

काठीचे आकडे भिंतीत बसविण्याचे काम शिक्षकाने किंवा सुताराने करावे. पडदा बाजूला बांधण्यासाठी उरलेल्या कापडाचे बंद शिवावेत, म्हणजे ऊन नसताना पडदा आवरून वारा व उजेड घेता येतो. बंद आखूड असावेत. लोंबणाऱ्या लांब दोऱ्या लहान मुलांच्या गळ्यात अडकण्याचा धोका असतो. म्हणून दोरीने ओढावयाचे पडदे बालवाडीच्या खोलीत लावूच नयेत. घरी चुलीच्या किंवा गॅसच्या जवळच्या खिडकीलाही सैल पडदा नसावा.

पडदा महिन्यातून एकदा झटकावा व सत्रातून एकदा धुवावा. वाळविताना तो काठीवरच ओला टांगल्यास आपल्याच वजनाने सरळ होतो व इस्त्री लागत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट पडदा गुंडाळून ठेवल्यास त्यावर बुरशी धरते. पूर्ण वाळवूनच घडी करावी. उन्हाने कापड खिडकीकडील बाजूने आधी विरते. दोन्ही भाग वर्षातून एकदा डावे-उजवे बदलून, उलटी बाजू बाहेर करून लावल्यास पडदा अधिक काळ टिकतो.

खर्चाचा विचार

शिवलेला पडदा तयार पडद्यापेक्षा नेहमी स्वस्तच पडतो असे नाही. विद्यार्थ्यांनी बाजारात जाऊन कापडाचा दर, दोऱ्याचा दर, शिंप्याची मजुरी आणि तयार पडद्याची किंमत विचारून तक्ता करावा. तक्त्यात जे येईल ते प्रामाणिकपणे मांडावे. तयार पडदे ठरावीक मापांचे असतात, खिडक्या मात्र तशा नसतात. आणि ज्याने पडदा शिवला त्याला तो दुरुस्तही करता येतो. या दोन गोष्टींची किंमत तक्त्यात लिहिता येत नाही, तथापि त्यांवर चर्चा अवश्य व्हावी.

भाषेशी सांगड

'पडदा' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि पूर्ण घरचा झाला. नाटकाचा पडदा, कानाचा पडदा, पडद्यामागचे कारस्थान, एखाद्या प्रकरणावर पडदा टाकणे असे त्याचे अनेक उपयोग आहेत. लग्नात वधूवरांच्या मध्ये धरला जाणारा अंतरपाट हाही एक पडदाच. तो दूर होण्यासाठीच धरलेला असतो. विद्यार्थ्यांनी असे प्रयोग जमवून वाक्ये करावीत.

पाठाचे मूल्यमापन

पडदा टांगल्यावर पहिल्या टप्प्यातील निरीक्षण त्याच चार वेळी पुन्हा करावे. कोणत्या जागांवरून पूर्वी अक्षर दिसत नव्हते व आता दिसते, याची नोंद आराखड्यात करावी. खुणा कमी झाल्या असतील तर काम साधले. एखादी खूण तशीच राहिली असेल, तर दोष पडद्याच्या रुंदीत आहे, काठीच्या जागेत आहे की फळ्याच्या जागेत, हे विद्यार्थ्यांनीच शोधून काढावे. कामाचे गुण शिवणीच्या सुबकतेला थोडे आणि या शोधाला अधिक द्यावेत.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील एका खिडकीचे माप घ्या. काठी दोन्ही बाजूंस १० सेंटीमीटर अधिक धरून तिची लांबी काढा.

२. कापडाचा पन्हा ३६ इंच असल्यास तो किती सेंटीमीटर? १०० सेंटीमीटर लांबीच्या काठीवर दीडपट चुण्यांचा, दोन भागांचा पडदा या पन्ह्यात होईल काय? बाजूंच्या दुमडी धरून उत्तर द्या.

३. एका कापडाचे ५० सेंटीमीटर धुतल्यावर ४७.५ सेंटीमीटर भरले. शेकडा किती आटले? धुतल्यावर ३८० सेंटीमीटर उरावयास हवे असल्यास किती कापड घ्यावे?

४. काठीची जाडी ३ सेंटीमीटर असल्यास ५ सेंटीमीटरचा नेफा पुरेल काय? कारण द्या.

५. पुढील विधानाची कारणे लिहा : खालची दुमड सर्वांत शेवटी शिवावी.

६. आपल्या गावात ऊन व पाऊस अडविण्यासाठी पूर्वी कोणते आडोसे वापरीत, ते घरातील वडील माणसांस विचारून दहा ओळींत लिहा.